रिसॉर्ट किनाऱ्यावर, हिशेब खाडीत

रायगडच्या किनाऱ्यावरचे एखादे रिसॉर्ट पर्यावरणपूरक आहे की नाही हे ठरवताना आपण बहुधा त्याच्या कुंपणाच्या आतच पाहतो. छपरावर सौरपट्ट्या आहेत का, खोल्यांना बांबू वापरला आहे का, प्लॅस्टिकच्या बाटल्या बंद केल्या आहेत का, सांडपाणी शुद्ध करून बागेला दिले जाते का. या गोष्टी चांगल्याच आहेत आणि त्या करणाऱ्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष अपुरा राहतो. किनाऱ्यावरच्या इमारतीला लागणारे पाणी, तिच्या जोत्याखालचा भराव, तिची रेती, तिचा मैला आणि वादळात तिला मिळणारा आडोसा यांचा संबंध कुंपणाबाहेरच्या, पुष्कळदा तालुक्याबाहेरच्या भूमीशी असतो. अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यासाठी ही भूमी म्हणजे मुख्यतः पेण आणि रोहा. या दोन तालुक्यांना पुळण नाही. त्यांच्या वाट्याला आली आहे ती खाडी, खारेपाट, तिवरांची राने आणि सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या. अंबा आणि भोगावती धरमतरच्या खाडीला मिळतात, कुंडलिका रोह्यावरून वाहत रेवदंड्याला समुद्र गाठते. पर्यावरणपूरक रचनेचा विचार पुळणीवरून सुरू न करता या खाड्यांवरून सुरू करावा, आणि रिसॉर्ट किती मोठे असावे व कुठे असावे हे त्याच हिशेबाने ठरवावे, असे माझे म्हणणे आहे.

हा प्रश्न आता पेण-रोह्यासाठी प्रत्यक्षच दाराशी आला आहे. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले, आणि त्याच वर्षी कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी उरण, पनवेल व पेण तालुक्यांतल्या १२४ गावांत एमएमआरडीएला नियोजनाचा अधिकार देण्यात आला. मुंबईहून शनिवार-रविवार काढायला येणाऱ्या माणसाला समुद्रकाठची जागा महाग पडू लागली की त्याची नजर खाडीकाठाकडे आणि नदीकाठाकडे वळते. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग सुरू झाले तेव्हापासून रोहा तालुक्यात नदीकाठी मुक्कामाच्या जागा वाढत गेल्या आहेत. ते राफ्टिंगही मुळात भिऱ्याच्या वीजघरातून सोडलेल्या मुळशीच्या पाण्यावर चालते. ज्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला त्याच धरणाचे पाणी सकाळी सुटते आणि पर्यटकांच्या होड्या त्यावर स्वार होतात. पर्यटनाचा आनंद इथे दूरच्या जलव्यवस्थेवर कसा अवलंबून असतो याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधायला नको.

खारेपाटाची रचना नीट समजून घेतल्याशिवाय पुढचा युक्तिवाद करता येत नाही. पेणमधली वाशी, वढाव, शिर्की, भाल, विठ्ठलवाडी किंवा रोह्यातले यशवंतखार ही गावे ज्या जमिनीवर जगतात ती भरतीच्या पाण्यातून माणसाने काढलेली आहे. मातीचे बांध घालून समुद्र बाहेर ठेवायचा, पावसाळ्यात खाचरांत साठणारे गोडे पाणी ओहोटीच्या वेळी उघाडीतून बाहेर सोडायचे आणि भरतीला उघाडी बंद ठेवायची, एवढ्या तत्त्वावर शतकानुशतके भात पिकले. कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये या शिलोत्री जमिनींचे आणि त्यांच्या बांधबंदिस्तीच्या व्यवस्थेचे वर्णन आहे. बांधाची निगा हे गावाचे सामाईक काम होते. पुढे १९४८ च्या खार जमीन कायद्याने आणि १९७९ च्या महाराष्ट्र खार जमीन विकास कायद्याने ही जबाबदारी मोठ्या प्रमाणात सरकारकडे गेली. सरकारकडे गेली म्हणजे गावाकडून सुटली, आणि पुरेशी उचललीही गेली नाही. त्यानंतर उधाणाला बांधाला खांड जाणे, खारे पाणी शिवारात शिरणे, दोन-तीन वर्षे शेत पडीक राहणे आणि त्यात तिवरे उगवणे हा क्रम खारेपाटाला नवा राहिला नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती तयार केल्या, पण रोज दोनदा भरतीचे पाणी चढणाऱ्या शेतात कोणतेही भात तग धरत नाही.

किनारा नियमन क्षेत्राच्या कायद्यातला एक तपशील इथे फार महत्त्वाचा आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. १९ फेब्रुवारी १९९१ च्या पहिल्या अधिसूचनेने समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतची जमीन नियमनाखाली आणली. हा पट्टा आजही आहे. खाडीकाठी मात्र २०११ च्या अधिसूचनेत हे अंतर १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतके, यांतले जे कमी असेल ते, असे होते. जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने ते ५० मीटरवर आणले. शिवाय, १९९१ च्या आधी बांधलेला बांध किंवा उघाडी असेल तर भरतीरेषा त्या बांधावरच थांबते असे मानले जाते. या दोन तरतुदी एकत्र वाचल्या की खारेपाटाचे काय होते ते दिसते. बांधापासून ५० मीटर आत आले की उरलेले सगळे शिवार किनारा नियमनाच्या दृष्टीने कोरडी जमीन ठरते. प्रत्यक्षात ते शिवार मोठ्या उधाणाच्या पातळीखाली असते आणि केवळ बांध शाबूत आहे म्हणून कोरडे असते. म्हणजे कायदा ज्या बांधाच्या भरवशावर जमीन मोकळी करतो त्याच बांधाच्या देखभालीची अट तो जमीन वापरणाऱ्यावर घालत नाही. खाडीकाठच्या रिसॉर्टच्या रचनेतला सगळ्यात मोठा दोष कोणत्याही वास्तुविशारदाने कागदावर रेघ ओढण्याआधी इथेच तयार झालेला असतो.

समुद्रकाठच्या रिसॉर्टसाठी या अधिसूचनांना जोडलेल्या अटी वाचल्या तर त्या अगदीच ढिसाळ नाहीत हे कबूल केले पाहिजे. बांधकाम दोन मजले आणि नऊ मीटर उंचीच्या आत, चटईक्षेत्र ०.३३ च्या आत, वाळूच्या टेकड्या सपाट करायला मनाई, भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसायला मनाई, दोन हॉटेलांमध्ये लोकांना किनाऱ्यावर जाण्यासाठी किमान २० मीटर रुंद वाट. या अटी पाळल्या गेल्या असत्या तर आपल्या किनाऱ्याचे रूप बरेच वेगळे असते. किहीमला नीरव मोदी यांचा बंगला ८ मार्च २०१९ रोजी सुरुंग लावून पाडावा लागला, कारण किनाऱ्यावरची बेकायदा बांधकामे वर्षानुवर्षे उभी राहू दिली गेली आणि शेवटी जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले. गोव्यात सिदाद द गोवा हॉटेलाच्या वाढीव बांधकामाने वायंगिणीच्या किनाऱ्याची लोकांची वाट अडवली म्हणून ते पाडण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००९ मध्ये दिला, आणि राज्य सरकारने कायद्यात दुरुस्ती करून ते वाचवले. केरळात वेंबनाड सरोवरातल्या बेटावर उभारलेल्या कापिको रिसॉर्टचे ५४ व्हिला पाडण्याच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये शिक्कामोर्तब केले. पाडकाम सुरू व्हायला २०२२ चा सप्टेंबर उजाडला. कापिकोचे प्रकरण पेण-रोह्याने विशेष लक्षात घ्यावे, कारण तेही खुल्या समुद्रावरचे नव्हते, भरतीच्या पाण्याच्या आतल्या बाजूचे होते. मासेमारीच्या जागा गेल्या ही तिथल्या मच्छीमारांची तक्रार होती आणि न्यायालयात ती टिकली. पाडलेल्या काँक्रीटचा ढीग मात्र पाण्याच्या काठावरच तयार झाला. चूक झाल्यावर सुधारण्याची किंमतही पर्यावरणच मोजते.

आता पाण्याकडे येतो, कारण माझ्या मते रिसॉर्टचा आकार ठरवणारी खरी मर्यादा पाण्याचीच आहे. पेण-रोह्यात वर्षाला सुमारे ३ हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून जातो. पेण तालुक्यात भोगेश्वरी नदीवर हेटवणे धरण आहे. त्याची क्षमता सुमारे १४५ दशलक्ष घनमीटर आहे, तरीही खारेपाटातल्या गावांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, कारण धरणाच्या पाण्याचा मोठा वाटा सिडकोमार्फत नवी मुंबईला जातो. महामुंबई सेझ या विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन घेण्याचा प्रस्ताव आला तेव्हा पेणच्या शेतकऱ्यांचा मुख्य मुद्दा हाच होता की आम्ही हेटवण्याच्या लाभक्षेत्रात आहोत, आम्हाला सिंचनाचे पाणी द्यायचे ठरले आहे. २१ सप्टेंबर २००८ रोजी तालुक्यातल्या २२ गावांत सरकारने शेतकऱ्यांचे मत आजमावले. जमिनीच्या प्रश्नावर अशी जनमत चाचणी देशात विरळाच झाली असेल, आणि तिचा गाभा पाणी हा होता. या इतिहासाच्या शेजारी आता दुसरे आकडे ठेवू. जल जीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी धरलेले प्रमाण दिवसाला ५५ लिटर आहे. राष्ट्रीय इमारत संहिता तीन तारांकित हॉटेलापर्यंत दर खाटेमागे १८० लिटर आणि चार तारांकितपासून पुढे ३२० लिटर धरते. म्हणजे ज्या गावाला मे महिन्यात ५५ लिटरही मिळत नाहीत तिथे पाहुण्याच्या एका खाटेसाठी तिप्पट ते सहापट पाण्याचा हक्क आपण गृहीत धरून इमारत आखतो.

हे पाणी गावाच्या वाट्यातून न घेता मिळू शकते का? गणित अवघड नाही. २० खोल्यांचे, म्हणजे ४० खाटांचे रिसॉर्ट घ्या. त्याच्या सगळ्या छपरांचे क्षेत्रफळ ८०० चौरस मीटर धरा. तीन मीटर पाऊस आणि त्यातला ८० टक्के हाती लागला तर छपरावरून वर्षाला सुमारे १९ लाख २० हजार लिटर पाणी मिळते. पावसाळ्यानंतरचे आठ महिने म्हणजे २४० दिवस. १८० लिटरच्या हिशेबाने दिवसाला ७२०० लिटर आणि आठ महिन्यांना १७ लाख २८ हजार लिटर लागतात. म्हणजे साधे रिसॉर्ट सगळ्या खोल्या रोज भरल्या तरीही आपल्याच छपराच्या पाण्यावर हे आठ महिने काढू शकते, फक्त त्याला जवळपास साडेसतरा लाख लिटरची टाकी बांधावी लागेल. तीन मीटर खोल आणि २४ मीटर चौरस. हा खर्च लहान नाही, पण अशक्यही नाही. आता तेच रिसॉर्ट चार तारांकित करा. ३२० लिटरने गरज ३० लाख लिटरच्या पुढे जाते आणि छप्पर अपुरे पडते. त्यात तरणतलाव आणि हिरवळ आली की उरलेला फरक टँकरने, कूपनलिकेने किंवा धरणाच्या नळाने भरून काढण्याखेरीज मार्ग राहत नाही. म्हणून कुठल्या दर्जाच्या चैनीला खारेपाटात जागा आहे आणि कुठल्या नाही, हे आवडीनिवडीवर सोडायची गरज नाही. पावसाचा आणि छपराचा हिशेब ते सांगतो.

किनाऱ्यावर कूपनलिकेचा मार्ग तर आणखी धोक्याचा आहे. वाळूखालचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडे पाणी राहते, आणि वरची पातळी थोडी उतरली की खालून खारे पाणी त्याच प्रमाणात वर चढते. नागाव, आक्षी, चौल इथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या या पातळ थरावर जगत आल्या. एका रिसॉर्टच्या पंपाने शेजारच्या वाडीची विहीर मचूळ होते तेव्हा ते नुकसान कुठल्याच प्रमाणपत्रात दिसत नाही. समुद्राचे पाणी गोडे करण्याची यंत्रे आहेतच, असा आक्षेप यावर घेतला जाईल. आहेत, पण त्यांना वीज फार लागते, आणि उरलेले दाट खारे पाणी शेवटी खाडीतच सोडले जाते, जिथे भरती-ओहोटीचे पाणी आतल्या वळणांवर लवकर बदलत नाही. जिताडा, कोळंबी, निवट्या यांची पिले तिथेच वाढतात. तीन मीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात समुद्र गाळून पाणी प्यायचे, याला नियोजन म्हणता येणार नाही.

सांडपाण्याबद्दल थोडक्यात. दिवसाला ७२०० लिटर वापरणाऱ्या जागेतून साधारण सहा हजार लिटर सांडपाणी निघते. कर्दळ आणि लव्हाळ्याच्या वाफ्यांतून ते शुद्ध करण्याची पद्धत या हवामानात उत्तम चालते, तिला वीजही नगण्य लागते. अट एवढीच की जागा भरपूर हवी आणि पावसाळ्यात वाफे बुडता कामा नयेत. बुडणाऱ्या खारजमिनीवर सेप्टिक टाकी बांधणे म्हणजे उधाणाच्या दिवशी मैला शिवारात सोडणे होय.

इमारतीच्या बांधणीत आपल्याकडे अनुभवाची कमतरता नाही. दमट हवेत जाड भिंतींपेक्षा वारा महत्त्वाचा. म्हणूनच कोकणातल्या घराला पडवी असते, उंच कौलारू छप्पर असते आणि पुढच्या दारातून मागच्या दारापर्यंत हवा खेळते. जांभा हा दक्षिण कोकणचा दगड. तो पेणला ट्रकने आणून लावण्यात पर्यावरणाचे भले नाही, इथे काळा दगड आणि वीट आहे. बांबू चांगला आहे, पण तो टाकणखाराची प्रक्रिया केलेला हवा आणि जोडकाम शिकलेल्या कारागिराचे हवे. कुडाळची कोनबॅक ही संस्था ते काम करते. वाऱ्याचा धडा ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने दिला. ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यापुढे श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा, रोहा या भागांतले पत्रे उडाले, पोफळी मोडून पडल्या, वीज कित्येक दिवस गेली. दोन उतारांच्या छपरापेक्षा चौपाखी छप्पर वाऱ्याला कमी सापडते, आणि पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून सुटे ठेवले तर पडवी उडाली तरी घर राहते. पण खाडीकाठी वाऱ्याइतकाच पाण्याचा प्रश्न मोठा आहे, आणि तिथे सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट म्हणजे भराव. बाजूच्या डोंगरातून मुरूम आणून खाचर दोन मीटर उचलले की रिसॉर्टचा भूखंड सुरक्षित होतो, आणि त्या खाचरात मावणारे पावसाचे पाणी शेजाऱ्याच्या शेतात उभे राहते. उघाडीकडे जाणारी वाट बुजली तर साऱ्या शिवाराचा निचरा थांबतो. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने जांभूळपाड्यापासून नागोठण्यापर्यंत जे घडवले त्याची आठवण असलेल्या खोऱ्यात पाण्याची जागा बुजवण्याला परवानगी असू नये. बांधायचेच असेल तर खांबांवर बांधावे आणि खालून पाणी जाऊ द्यावे.

श्रीलंकेत दंबुल्लाजवळ जेफ्री बावा यांनी बांधलेले कंडलमा हॉटेल १९९४ मध्ये उघडले. जगभरच्या वास्तुविशारदांना ते झाडावेलींनी झाकलेली इमारत म्हणून माहीत आहे. २००० मध्ये त्याला हरित इमारतीचे लीड प्रमाणपत्र मिळाले, आणि ते मिळवणारे ते पहिले हॉटेल मानले जाते. पण मला त्यातली दुसरी बाब अधिक मोलाची वाटते. आधी ठरलेली जागा सिगिरियाच्या प्रसिद्ध कड्याजवळ होती. ती बावांनी नाकारली आणि दूरची जागा निवडली. नवी जागा सिंचनाच्या तलावाकाठी होती, म्हणून तिथले शेतकरी आणि भिक्खू तलाव दूषित होईल या भीतीने विरोधाला उभे राहिले. त्यांनी हॉटेल सुंदर आहे की नाही हे विचारले नाही, आमच्या तलावाचे काय होणार हे विचारले. इमारत खांबांवर उचलून डोंगरावरचे पाणी खालून तलावाकडे वाहू देण्याची रचना आणि सांडपाण्याची व्यवस्था यांना त्या हॉटेलात जे महत्त्व मिळाले ते या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. आपल्याकडची गृहा आणि आयजीबीसीसारखी मानांकने उपयोगी आहेत, पण त्यांचा भर भूखंडावर आणि इमारतीवर असतो. खारेपाटाचा बांध, गावाची उघाडी, धरणातला वाटा यांना त्यांत जवळजवळ स्थान नाही.

या मांडणीवर घेतला जाणारा पहिला आक्षेप मोठ्या उद्योगांबद्दलचा आहे. डोलवीला पोलादाचा कारखाना आहे, नागोठण्याला पेट्रोरसायनांचा, धाटावला रासायनिक कारखान्यांची वसाहत. खाडीतून बार्ज जातात, त्यांच्या लाटा बांधांवर आपटतात. अशा ठिकाणी २० खोल्यांच्या रिसॉर्टला धारेवर धरणे अन्याय्य नाही का? उद्योगांचे उत्तरदायित्व मोठे आहे आणि ते कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. कुंडलिकेच्या प्रदूषणाबद्दल खालच्या गावांनी आणि मच्छीमारांनी केलेल्या तक्रारी खऱ्या आहेत. पण कारखान्याला निदान पर्यावरण परवानगी, जनसुनावणी आणि प्रदूषण मंडळाची तपासणी लागू असते. फार्महाऊसच्या नावाखाली एकेक भूखंड भरून उभे राहणारे पन्नास मुक्काम एकत्र कुणीच मोजत नाही. आणि पर्यटन विकते काय, तर स्वच्छ खाडी, पक्षी, ताजी मासळी. ज्याचा धंदाच निसर्गावर आहे त्याच्याकडून अधिक काटेकोर वागणूक मागणे यात अन्याय नाही. उलट अशा धंद्याची माणसे खाडीकाठी असतील तर दूषित पाण्याविरुद्ध गावाच्या बाजूने आणखी एक आवाज उभा राहील.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. खारी शेती परवडत नाही, मुले पनवेल-मुंबईला जातात, रिसॉर्ट आले तर चार हातांना काम मिळेल. हे खरे आहे, पण कोणते काम आणि कोणाच्या मालकीत, हा प्रश्न उरतो. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले. तिथे रिसॉर्टची गरजच पडली नाही, पुळण मोकळी आणि रात्री अंधारी राहिली, आणि कासवाच्या पिलाला समुद्राची दिशा सापडायला अंधारच लागतो. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाने शेतकऱ्याला आपल्या शेतावर पाहुणे ठेवण्याची वाट मोकळी केली आहे. त्याच वर्षीच्या चौपाटी कुटी धोरणात रायगडमधून वरसोली आणि दिवेआगरची निवड झाली आणि ८० टक्के कुटी स्थानिकांसाठी राखल्या गेल्या. खारेपाटाकडे पाहुण्याला देण्यासारखे पुष्कळ आहे. थंडीतली वालाच्या शेंगांची पोपटी, तळ्यातला जिताडा, पेणचे पोहे आणि पापड, हमरापूर-जोहे भागातल्या गणपतीच्या कार्यशाळा, रोह्याजवळचा अवचितगड, फणसाड अभयारण्याच्या वाटा. यासाठी गावठाणातली घरे नीट करून खोल्या देणे पुरे आहे. गावठाण उंचावर असते, बांध फुटला तरी ते सहसा बुडत नाही. पूर्वजांनी निवडलेली ती जागा हीच पर्यावरणपूरक रचनेची पहिली पायरी आहे.

तिसरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे आणि तो मला सगळ्यात जड वाटतो. बांध फुटला, शेत खारे झाले, तिवरे उगवली. ऑक्टोबर २००५ च्या अंतरिम आदेशाने आणि सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीला बंदी घातली, भोवतालच्या ५० मीटरांतही बांधकाम थांबवले. निकाल योग्यच होता. पण ज्याच्या सातबाऱ्यावर ते रान उगवले त्याच्या हाती काही राहिले नाही. मग त्याने उरलेला तुकडा भराव घालणाऱ्याला विकला तर त्याला दोष कसा द्यायचा? दोष देता येत नाही, म्हणूनच उपाय पैशाच्या रूपात हवा. खाडीच्या देखण्या रूपावर जो धंदा करतो त्याने दर खोलीमागे बांध आणि उघाडीच्या देखभालीसाठी गावाला ठरावीक रक्कम द्यावी, आणि तिवरांखाली गेलेल्या जमिनीच्या मालकांना होडीतून पक्षी दाखवण्याच्या, खेकडे-मासे वाढवण्याच्या उत्पन्नात वाटा मिळावा. पूर्वी बांधाची निगा गाव सामाईकपणे करत असे, ती व्यवस्था नव्या भागीदारासह पुन्हा उभी करता येईल. यात खोलीचे भाडे वाढेल हे उघड आहे. आज ते कमी दिसते, कारण बांधाचा, विहिरीचा आणि निचऱ्याचा खर्च शेजारी सोसतो.

माझा निष्कर्ष असा की पेण आणि रोह्याच्या खारजमिनीवर भराव घालून नवे रिसॉर्ट उभारूच नये, मग त्याच्या भिंती मातीच्या असोत की छप्पर झावळ्यांचे. गावठाणात, उंचवट्यावर, जुन्या घरांत, छपराच्या पावसावर भागेल एवढ्या खोल्यांचा मुक्काम असायला हरकत नाही. हे ठरवण्याचे हत्यार गावांच्या हाती काही प्रमाणात आहे. त्यामुळे खारेपाटातल्या आणि कुंडलिकाकाठच्या ग्रामपंचायतींना विनंती आहे की, रिसॉर्ट किंवा फार्महाऊसच्या प्रस्तावाला ना हरकत दाखला देण्याआधी ग्रामसभेत चार कागद मागून घ्यावेत: आठ महिन्यांच्या पाण्याचा हिशेब, भूखंडाची मोठ्या उधाणाच्या तुलनेत पातळी, सांडपाणी पावसाळ्यात कुठे जाणार याचा नकाशा, आणि बांधाच्या देखभालीत दरवर्षी किती वाटा देणार याचा लेखी करार. चारांपैकी एक जरी कमी असेल तरी दाखला देऊ नये.